शहागंजात विसरलेली ढाल

पडेगावच्या त्या गल्लीत सकाळी कोण काय करतं हे लपून राहत नसे. घरं लहान, कोपऱ्यावरचा नळ कोरडा, त्यामुळे सगळा संसार उंबऱ्याबाहेर. कुणी तांब्याभर पाण्यात तोंड, हात आणि पोराचं नाक असं एकदम उरकून घेई, कुणी टँकरसाठी रिकाम्या ड्रमचा नंबर लावून ठेवी, आणि बानाबाई ओट्यावर उभी राहून शस्त्रं चढवी.

आधी कंबर. सत्याचा पट्टा पाठीमागून पुढं आणायचा आणि पोटावर गाठ मारायची, तीही करकचून, कारण गाठ सैल राहिली की दुपारपर्यंत एखादी थाप सुटतेच. मग नीतिमत्त्वाचं उरस्त्राण. ते पोलक्यासारखं घालता येत नाही, डोक्यातून घालावं लागतं, म्हणून पदर दातात धरायचा. मग वाकून शांतीची पायताणं. मग पदर नीट करून त्यावर तारणाचं शिरस्त्राण. डाव्या हातात विश्वासाची ढाल, उजव्या हातात आत्म्याची तरवार. यातलं काहीही कुणाला दिसत नसे. दिसे ती एक मेंढरंवाली बाई, जी हवेत हात फिरवून फिरवून तयार होते आणि मग उंबऱ्यातून जरा आडवी होऊन बाहेर पडते. ढाल दाराला घासू नये म्हणून.

हे तिनं स्वतःच्या मनानं काढलेलं नव्हतं. मिटमिट्याच्या पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी प्रार्थना भरे. तिथं पास्टर मोतीराम एकदा म्हणाले की सैतान सुट्टी घेत नाही, तेव्हा विश्वासणाऱ्यानं रोज सकाळी देवाची शस्त्रसामग्री धारण करूनच घराबाहेर पडावं. बाकीच्यांनी आमेन म्हटलं आणि चपला शोधायला लागले. बानाबाईनं हात वर केला. "पास्टर, ढाल हातात असली की पायताण घालता येत नाय. मग आधी काय?" इतक्या वर्षांच्या सेवेत पास्टरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "ताई, क्रमानं घ्या." तिनं क्रमानं घेतलं.

आणि तिला गरज होती. बानाबाईचं तोंड म्हणजे काय चीज होती ते पडेगावात कुणालाही विचारा. माळावर प्लॉट पडले, बंगले उठले, मेंढरं चारायला जागा राहिली नाही. त्यातल्या एका बंगलेवाल्यानं तिच्या मेंढरांवर दगड भिरकावला, तेव्हा बानाबाई त्याला असं काही बोलली की तो माणूस पावसाळ्याच्या आत बंगला विकून सिडकोत राहायला गेला. गल्लीला त्याचा अभिमानच होता. पण तेच तोंड तिच्या लेकीच्या, शालूच्या पहिल्या सोयरिकीत सुटलं. मुलाची मावशी पोह्यात मीठ कमी आहे एवढंच म्हणाली, आणि बानाबाईनं मावशीच्या माहेरच्या तीन पिढ्या बाहेर काढून ओट्यावर मांडल्या. पाहुणे पोहे टाकून गेले. शालू त्या दिवशी रडली नाही. तिनं फक्त सगळ्या बशा धुतल्या, दोनदा धुतल्या, ऐन दुष्काळात. ते पाणी वाहून जाताना बानाबाईनं बघितलं आणि शेजारच्या नर्सबाईबरोबर ती पहिल्यांदा त्या शेडमध्ये जाऊन बसली. तिला देवाकडून फार काही नको होतं. तोंडाला कडी हवी होती.

घरात या सामानाला जागा करावी लागली. दारामागच्या खुंटीवर नवऱ्याचा, सूर्यभानचा फेटा असे. एका संध्याकाळी त्याला तो पिठाच्या डब्यावर सापडला.

"माझा फेटा कुणी काढला?"

"मी. तिथं शिरस्त्राण हाय."

सूर्यभाननं खुंटीकडं बघितलं. खुंटी रिकामी होती. "मग फेटा त्याच्यावरच अडकीव की."

"तारणावर फेटा? काय बोलता तुमी!"

तो चार दिवस कुरकुरला. पाचव्या दिवशी गल्लीनं त्याला घरात शिरताना दाराच्या डाव्या बाजूनं वळसा घालताना पाहिलं, कारण उजव्या बाजूला ढाल टेकवलेली असे आणि अंधारात पाय लागला तर उगाच घरात कटकट. पुढं पुढं तर तो आल्यागेल्यालाही सांगू लागला, "जरा बाजूनं या, कारभारणीची ढाल हाय."

फायदा मात्र झाला, हे सूर्यभानही कबूल करी. शांतीची पायताणं घालून टँकरमागं पळता येत नाही, त्यामुळे बानाबाई पाण्याच्या रांगेत कायम शेवटी असे आणि घरात पाणी कमी येई. पण भांडण एकही येईना. कुणी टोमणा मारला की ती डावा हात वर करी, ओठ हलवी, आणि पुढं सरके. तरवार मात्र आखूड होती. तरवार म्हणजे देवाचं वचन, आणि बानाबाईला दोनच वचनं पाठ होती. "लांबून कुणी आलं तर माझी पोचत नाय," ती म्हणे, "जवळ आलं तर बघू."

अशात शालूला दुसरं स्थळ आलं. दौलताबादचं. मुलगा रामेश्वर, किल्ल्याच्या पायथ्याला पर्यटकांची गाडी चालवायचा. आलं म्हणायचं, पण शालूनंच ते आणलं होतं. शिवणक्लासला जाताना एकाच स्टॉपवर उभं राहून राहून दोघांचं जमलं होतं. अडचण एकच होती, मुलाची आई. आवडाबाई. त्या बाईचं बोलणं ऐकून सोयरिकीला आलेली माणसं उठून जात म्हणे. शालूनं आईचा हात धरला.

"आई, ती बोलणारच. तिला बोलू दे. एवढं एक बार तोंड सांभाळ. मला दुसरं काय नको तुझ्याकडून. साडी नको, भांडं नको."

"शालू, मी आता पहिल्यासारखी हाय का?"

"नायस. तरी."

बानाबाईला ते 'तरी' लागलं, पण ढालीवर घेतलं.

बघायचा कार्यक्रम रविवारच्या दुपारचा ठरला. शुक्रवारी धाकटी जाऊ गोजरबाई शालूसाठी बांगड्या आणायला शहागंजच्या बाजारात निघाली. ही गोजरबाई म्हणजे कोंबडीलाही अहो-जाहो करणारी. तिचा नवरा मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी नदीकाठी, गंगथडीकडं गेलेला, आणि दुकानदार म्हटलं की हिची वाचा बसे. जो भाव तो सांगेल तो देऊन यायची, वर त्याची माफी मागून. ती दारात घुटमळली.

"आक्का, एक मागू का?"

"माग."

"तुमची ढाल देता का आजच्या पुरती? संध्याकाळी आणून देते."

बानाबाईनं क्षणभर विचार केला. वाटी मागितली तर देतो, कुकर मागितला तर देतो, हिला ढालीला नाही कसं म्हणायचं? तिनं दारामागं वाकून ढाल उचलली, पदरानं पुसली आणि जावेच्या डाव्या हातात दिली. "जड हाय, दमानं. उन्हात ठेवू नको."

गोजरबाई संध्याकाळी परतली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. ओट्यावर पिशव्या ठेवल्या, घाम पुसला, आज बांगडीवाल्याशी चक्क घासाघीस केली असं सांगायला तोंड उघडलं आणि स्वतःच्या हातांकडं बघत राहिली.

"आक्का... दोन्ही हातात पिशव्या होत्या."

"मग?"

"मग ढाल कोणत्या हातात होती?"

दोघी खाली बसल्या. गोजरबाईनं आठवून आठवून सांगितलं. रिक्षात होती, मांडीवर धरलेली. दुकानात शिरताना होती. मग बांगडीवाला म्हणाला, माप बघतो, दोन्ही हात पुढं करा. दोन्ही हात पुढं करायचे म्हणजे ढाल खाली ठेवायलाच हवी! ती तिनं काउंटरला टेकवली. आणि बांगड्या भरल्या, हात बघितले, छान दिसतात असं वाटलं, आणि उठून आली.

बानाबाईनं दारामागची रिकामी जागा बघितली. रविवार तोंडावर.

शनिवारी सकाळी सूर्यभानला शहागंजात पाठवलं. त्यानं पुष्कळ नाही म्हणून बघितलं. शेवटी फेटा बांधून गेला. दुकानात दोन बायका होत्या. त्या जाईपर्यंत तो बाहेर उन्हात उभा राहिला. मग आत जाऊन हळूच म्हणाला, "कल हमारे घर की एक बाई आयी थी. इधर ढाल भूलके गयी."

बांगडीवाला म्हातारा होता, अदबीचा. "कैसी ढाल, चाचा?"

"विश्वास की."

"दिखने में कैसी?"

"दिखती नइ."

बांगडीवाल्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून काउंटरच्या पुढच्या बाजूला आला, खाली वाकला, बांगड्यांची खोकी एकेक करून बाजूला केली, भिंतीला हात लावून बघितला. "यां तो नइ लगती. लेकिन लोगां आते-जाते रहते. किसी के हाथ लगी तो क्या मालूम? मिली तो संभालके रखता मैं. नाम बोलो."

सूर्यभाननं नाव सांगितलं. एवढा त्रास दिल्यावर तसंच निघणं बरं दिसेना, म्हणून त्यानं डझनभर हिरव्या बांगड्या घेतल्या. त्या बायकोपुढं ठेवून म्हणाला, "ढाल नाय मिळाली. हे मिळालं."

मग बानाबाईनं पास्टरांना फोन लावला. ते जालन्याला सभेत होते.

"ताई, ढाल हरवत नसते."

"मग गोजरबाईकडंच हाय का?"

"तिच्याकडं गेलीच नव्हती. ती तुम्हाला कुणाला देता येत नाही. ज्याची त्यानं देवाकडं मागायची असते."

"पण मी दिली की, पास्टर. या हातानं दिली. पुसून दिली."

पलीकडं मागं कुणीतरी टाळ्या वाजवून गात होतं. "ताई," पास्टर म्हणाले, "उद्या सकाळी जे आहे ते चढवा. जे नाही ते त्याला सांगा." आणि रेंज गेली.

इकडं सूर्यभानची वेगळीच तयारी चाललेली. दौलताबादकरांना त्यानं सांगून ठेवलं होतं की घरात नळ आहे. म्हणून त्यानं एक पितळी तोटी आणली आणि न्हाणीच्या भिंतीत सिमेंटनं बसवली. मागं पाइप नाही, काही नाही. नुसती तोटी, चकचकीत.

"हे खोटं हाय," बानाबाई म्हणाली.

"तुझी ढाल दिसत नाय पण हाय. माझा नळ दिसतो पण नाय. झालं की बराबर!"

रविवारी पहाटेच बानाबाई ओट्यावर उभी राहिली. पट्टा बांधला. उरस्त्राण घातलं. पायताणं, शिरस्त्राण, आखूड तरवार. मग डावा हात पुढं केला आणि तो तसाच रिकामा राहिला. "देवबाप्पा," ती म्हणाली, तिला अजून असंच म्हणायची सवय होती, "आज ढाल नाय. माझं तोंड तुला ठाऊक हाय. तूच काय तरी पुढं उभं कर."

डोळे उघडले तर समोर गोजरबाई उभी.

"आक्का, ढाल मी हरवली. आज तुमच्या पुढं मी उभी ऱ्हाते."

बानाबाईनं वर आभाळाकडं बघितलं. आभाळ कोरडं ठक्क होतं. तिला विचारावंसं वाटत होतं की एवढ्या मोठ्या जगात तुला हीच सापडली का, पण पट्टा बांधलेला असताना देवाशी वाद घालावा की नाही हे पास्टरांनी सांगितलेलं नव्हतं.

दुपारी पाहुणे आले. आवडाबाई, मुलगा रामेश्वर, आणि फक्त खायला आलेले दोन पाव्हणे. आवडाबाई उंच, बारीक, नाकात मोठी नथ, नजर कोपऱ्या-कोपऱ्यात जाणारी. बानाबाई सामोरी गेली तशी गोजरबाई तिच्या पुढं झाली. बानाबाई डावीकडं सरकली, गोजरबाईही सरकली. नमस्कार करायला बानाबाईला जावेच्या खांद्यावरून हात जोडावे लागले.

"ही बाई मधी का उभी हाय?" आवडाबाईनं विचारलं.

"ती ढालीच्या जागी हाय," सूर्यभान म्हणाला, आणि यापेक्षा सोपं त्याला सांगता येईना. "बसा, बसा. जरा बाजूनं."

शालू चहा घेऊन आली. रामेश्वरनं बशीकडं बघितलं, शालूनं जमिनीकडं. सगळं छान चाललं होतं. मग आवडाबाई हात धुवायला न्हाणीत गेली. तोटी फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा फिरवल्याचा. मग ती बाहेर आली.

"पाणी नाय."

"आज सुटायचा दिवस नाय," सूर्यभान म्हणाला.

"मग कधी असतो?"

सूर्यभाननं बायकोकडं बघितलं. शालूनं आईकडं बघितलं. ती नजर सांगत होती, आई, गप. बानाबाईला पट्ट्याची गाठ पोटात रुतल्यासारखी झाली. गप्प राहिलं तर तोंडही सांभाळलं जातं आणि स्थळही. पण गप्प राहून हे खोटं पुढं ढकलायचं, आणि उद्या शालूनं त्या घरी ते निस्तरायचं?

"कधीच नसतो," ती गोजरबाईच्या मागून म्हणाली. "त्या तोटीला मागं पाइपच नाय. आमी टँकरचं पाणी पितो. तुमी आता प्यालात ते या जावेच्या घरचं, आमचं कालच संपलं."

खायला आलेल्या पाव्हण्यांनी चिवडा चावणं थांबवलं. आवडाबाईनं पदर खोचला. गल्लीतल्या बायका दाराशी जमल्या. जे ऐकायला त्या सकाळपासून थांबल्या होत्या ते आता येणार होतं.

"म्हंजे भिंतीला नाक लावून नळ दावायचा! अशा लबाड घरची पोरगी आमी करायची?"

बानाबाईनं तोंड उघडलंही. पण त्याआधी गोजरबाईनं छातीवर हात ठेवला आणि बारीक आवाजात म्हणाली, "लागला."

"काय?"

"बाण. मला लागला. पुढं बोला तुमी."

आवडाबाई अडखळली, पण क्षणभरच. "देव बदलणाऱ्या बाईच्या पोरीला नवरा बदलायला कितीक येळ लागंल?"

हा फार खोल होता. दाराशी कुणीतरी जीभ चावली. बानाबाईच्या जिभेवर आवडाबाईच्या सासरचं, माहेरचं, नथीचं, सगळं तयार होऊन आलं. गोजरबाईनं डोळे गच्च मिटले. "हा पण लागला," ती म्हणाली. "लई लागला. पण मलाच लागला. आक्कापर्यंत नाय गेला. पुढचा येऊ द्या."

आणि पुढचा आला, त्याच्या पुढचाही. घर लहान, पोरगी काळी, मेंढरांचा वास. "लागला," "लागला," "हा जरा चुकला, खांद्यावर बसला," गोजरबाई इमानानं सांगत गेली. एखादीनं प्रत्येक वस्तू मोजून ताब्यात घ्यावी तसं. आता मात्र आवडाबाईचा सूर बिघडू लागला. समोरून उत्तर आलं की तिला पुढचं सुचायचं. इथं नुसती पोच मिळत होती. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. गोजरबाईच्या पाठीमागं बानाबाई दोन्ही वचनं आलटून पालटून पुटपुटत होती, आणि मधल्या एका श्वासात तिच्या लक्षात आलं की आपण या भित्र्या जावेच्या खांद्याला घट्ट धरून उभ्या आहोत आणि आपलं तोंड चक्क बंद आहे.

तेवढ्यात रामेश्वर उठला. "आई, बास. आपल्या विहिरीत तरी कुठं पाणी हाय? ही माणसं बघायला येतील म्हणून तूच ना परवा मामाकडून बॅरल आणून विहिरीत ओतलं?"

"तू गप रं!" आवडाबाई गर्रकन वळली. "आईला उघडं पाडतो? बायकोच्या आधीच बायकोचा बैल झाला! तुझ्यासारख्याला जन्म देण्यापरीस..."

शालूनं ट्रे खाली ठेवला. कुणाला काही कळायच्या आत ती रामेश्वरच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, पण आवाज स्वच्छ होता.

"लागला, आत्याबाई. पुढं बोला."

आवडाबाई शालूकडं बघत राहिली. मग तिच्या खांद्यावरून दिसणाऱ्या आपल्या पोराच्या डोक्याकडं. मग ती मटकन खाली बसली आणि थंड झालेला चहा एका दमात अर्धा प्याली.

"हिला नाय म्हटलं तर हा घरी यायचा नाय," ती कप ठेवत म्हणाली. "इथंच ऱ्हाईल, हिच्या मागं उभा."

"मग ठरलं म्हणायचं का?" सूर्यभाननं हळूच विचारलं.

"ठरलं. आन नाय ठरवून बोलू कुणाला? हितं कुणी भांडायलाच तयार नाय."

गोजरबाईनं डोळे उघडले आणि विचारलं, "संपलं का?" संपलं म्हटल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि तिनं पाणी मागितलं. पाणी नव्हतं. आवडाबाईनं आपल्याच कपात उरलेला चहा तिच्यापुढं सरकवला.

शालू शेजारून तांब्याभर पाणी आणून आत नव्यानं चहा ठेवू लागली. बानाबाई तिच्याजवळ गेली, तर शालूनं काही न बोलता डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं, जरासंच, आणि साखरेचा डबा उघडला.

निघताना आवडाबाई दारापाशी रेंगाळली. बाकीचे रस्त्यावर गेले होते. तिनं आवाज खाली आणला.

"ते सकाळचं तुमचं... गल्लीतल्या बायका सांगत होत्या. किती येळ लागतो त्याला?"

"मन निवांत असलं तर चहाला उकळी येईपर्यंत," बानाबाई म्हणाली. "नसलं तर दुपार व्हती."

"आन आज?"

"आज," बानाबाई म्हणाली, "अजून चालूच हाय."